‘आय७ घ्या, बाकी काही पाहू नका’ : लॅपटॉपच्या त्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरू लागतो. इंजिनिअरिंगला, बीसीएला, फार्मसीला जाणाऱ्या मुलांसाठी लॅपटॉप कसा घ्यावा, याचा तो सल्ला. त्याचा सारांश असा : प्रोसेसर आय७च घ्या, बाकी काही पाहू नका. ग्राफिक्स कार्ड नसेल तर इंजिनिअरिंग जमणार नाही. साठवणीची जागा ५१२ जीबी सांगून ४७६ देतात, ती फसवणूक आहे. नवा लॅपटॉप आधी आठ तास चार्ज करा आणि पुढे चार्जर लावून कधीच वापरू नका. दुकानदाराकडून सगळं ‘टाकून’ घ्या, ऑफिस आणि अँटिव्हायरस फुकट मागा, विंडोजचे अपडेट बंद करून घ्या. आणि जमलं तर मुंबईहून आणा, इथले लुटतात.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण पन्नास-साठ हजार रुपये आपल्याकडे बऱ्याच घरांत कापसाच्या नाहीतर केळीच्या पैशातून बाजूला काढलेले असतात. घेतलेली वस्तू मुलाला किंवा मुलीला चारही वर्षं पुरली पाहिजे. त्यामुळे हा मेसेज तसाच पुढे ढकलणं मला पटत नाही.

आधी आय७. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या नावातला ३, ५, ७ हा आकडा त्या त्या पिढीपुरती पायरी सांगतो. पिढी कोणती, ते त्याच्या पुढच्या मोठ्या आकड्यातून कळतं. आय७-७५००यू ही सातव्या पिढीतली, २०१६ सालची चिप. तिला कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, दोन. आय३-१२१५यू ही बाराव्या पिढीतली, २०२२ सालची, तिला सहा. म्हणजे हा आय३ त्या आय७ला सहज मागे टाकतो. ट्रॅक्टर घेताना आपण नुसता एचपी विचारून व्यवहार करत नाही, मॉडेल कोणत्या सालचं हेही विचारतो; इथेही तेच करायचं. फक्त ‘आय७’चं स्टिकर शोधत आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात सहा-आठ वर्षं जुना, पुसून चकचकीत केलेला लॅपटॉप मारणं सर्वांत सोपं असतं. वर विंडोज ११ला आठव्या पिढीच्या आधीच्या जवळजवळ सगळ्या चिप अधिकृतपणे चालत नाहीत, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे असा आय७ घरी आला तोच मुदत संपलेला.

दुकानात प्रोसेसरचं पूर्ण नाव कागदावर लिहून मागा. शेवटचं अक्षरही महत्त्वाचं. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारी, बॅटरी टिकवणारी चिप. ‘एच’ म्हणजे जास्त ताकदीची आणि जास्त तापणारी. इंटेलने अलीकडे नावातला ‘आय’ काढून टाकला आहे, तेव्हा ‘कोअर ५ १२०यू’ असं दिसलं तर ते बनावट समजू नका. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये तर डोळे आणखी उघडे हवेत. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात फरक एका आकड्याचा. पण पहिलीचा आराखडा २०१९च्या काळातला आणि कोअर चार. दुसरीचा आराखडा त्याहून नवा आणि कोअर सहा. शिवाय ७५२०यूला बोर्डावर कायमची जोडलेली रॅमच (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) चालते, म्हणजे ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८च.

रॅमबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, आणि मला तीच त्यातली सर्वांत मोठी चूक वाटते. विंडोज ११, ब्राउझरमधल्या दहा-पंधरा खिडक्या आणि सोबत एखादं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, एवढ्यात ८ जीबी भरून जाते. मग मशीन गोगलगाय होतं आणि दोष प्रोसेसरला मिळतो. तुमच्यासमोर आय७ सोबत ८ जीबी आणि आय५ सोबत १६ जीबी असे दोन लॅपटॉप जवळपास सारख्या किमतीत असतील, तर मी न अडखळता दुसरा घ्यायला सांगेन. १६ बजेटमध्ये बसत नसेल तर रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे का, ते विचारून घ्या. पुढच्या वर्षी घालता येईल. रॅमच्या दोन पट्ट्या असणं एका मोठ्या पट्टीपेक्षा बरं, कारण स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्राचं कामही हीच रॅम करते आणि दोन पट्ट्यांमुळे तिचा वेग वाढतो.

स्क्रीनबद्दलही तिथे काही नाही. १९२० बाय १०८० आणि आयपीएस पॅनेल (कडेने पाहिलं तरी रंग न बिघडणारा पडदा), याच्या खाली जाऊ नका. रोज चार-पाच तास मुलाचे डोळे त्यावर असणार आहेत.

ग्राफिक्स कार्डाचा मुद्दा सरसकट लिहिला आहे म्हणून चुकीचा आहे. कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना पहिली दोन-तीन वर्षं वेगळं कार्ड लागत नाही. ऑटोकॅडमधली द्विमितीय ड्रॉइंगं त्याच्याशिवाय होतात. मेकॅनिकलला मोठ्या त्रिमितीय असेंब्ली करायच्या असतील, व्हिडिओ एडिटिंग नियमित करायचं असेल, तर कार्डाचा उपयोग आहे. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांना सुरुवातीला गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर फुकट काम भागवता येतं. साठ हजारांच्या आत कार्ड बसवायचं म्हटलं की कंपनी बहुधा स्क्रीन, बॅटरी नाहीतर रॅममध्ये हात आखडता घेते. हॉस्टेलमधून बसने ये-जा करणाऱ्या मुलाच्या पाठीवर वजन वाढतं ते वेगळंच.

४७६ जीबीत फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत. ५१२ जीबी विंडोजच्या हिशोबात सुमारे ४७६ भरते, प्रत्येक लॅपटॉपमध्ये. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. भांडायचंच असेल तर ५१२ जीबीच्या एसएसडीऐवजी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) १ टीबी हार्डडिस्क ‘दुप्पट जागा’ म्हणून गळी उतरवली जात असेल तेव्हा भांडा. फिरती हार्डडिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साधी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी हजारो.

आता चार्जिंग. आठ तास चार्ज करण्याचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. आजच्या लिथियम बॅटरीला त्याची गरज नाही, आणि भरली की लॅपटॉपच चार्जिंग थांबवतो. चार्जर लावून काम करण्यातही धोका नाही. बॅटरीचं आयुष्य दोन गोष्टी एकत्र आल्या की घटतं : सतत शंभर टक्के भरलेली असणं, आणि उष्णता. यातली दुसरी गोष्ट आपल्याकडे भरपूर आहे. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपत्रकात लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत वापरावा असं लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. म्हणून दुपारचं जड काम सकाळवर ढकला, गादीवर किंवा गोधडीवर ठेवून लॅपटॉप चालवू नका, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो कधीही सोडू नका. कूलरसमोर बसायला हरकत नाही, पण तुषार थेट लॅपटॉपवर येणार नाहीत इतकं अंतर ठेवा. घरात कापूस भरलेला असेल तर लॅपटॉप त्या खोलीत उघडूच नका. ते बारीक तंतू पंख्याच्या जाळीत अडकतात आणि गरम हवा आतच कोंडते.

लेनोवो, आसुस, डेल, एचपी यांच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंग ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला जोडून असेल तर ती सुरू करा. लाइट तासन्‌तास जाणाऱ्या गावात राहत असाल, तर मात्र परीक्षेच्या काळात ती बंद ठेवून पूर्ण भरून घ्या. बॅटरी आपल्यासाठी आहे.

आणि एक गोष्ट, जी या मेसेजमध्ये असायला हवी होती : चार्जरची पिन तीन पायांची असेल तर ती दोन पायांच्या बोर्डात अडॅप्टरने कोंबू नका. अर्थिंग नसलेल्या घरात धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, ते त्यामुळेच. चार्जरच्या आतल्या भागातून गळणाऱ्या किंचित विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही. लॅपटॉप बदलून मागण्याआधी वायरमनला बोलावून बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या.

‘दुकानदाराकडून सगळं टाकून घ्या’ हे वाक्य वाचून मला खरी काळजी वाटली. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतं. दुकानात गर्दी असते, वडील बाहेर गाडीपाशी थांबलेले असतात, आणि काउंटरवरचा मुलगा घाईघाईने दुकानाचाच नाहीतर तिथल्या तिथे बनवलेला एखादा ईमेल टाकून मोकळा होतो. घरी लॅपटॉप नीट चालतो, म्हणून कुणाला काही कळत नाही. पण लॅपटॉपसोबत कायमचं ऑफिस मिळालेलं असेल, तर ते ज्या अकाउंटवर पहिल्यांदा सुरू झालं त्यालाच कायमचं जोडलं जातं. त्याची किंमत तुम्ही दिलेली, मालकी दुसऱ्याच्या अकाउंटची.

याहून गंभीर गोष्ट डिस्कची. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ही सोय चांगली आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतलं काही वाचता येत नाही. तिची ४८ अंकी चावी त्या पहिल्या अकाउंटमध्ये जमा होते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला, किंवा एखाद्या बायोस अपडेटनंतर, निळा पडदा येतो आणि चावी मागतो. ते अकाउंट तुमचं नसेल, त्याचा पासवर्ड त्या मुलालाही आठवत नसेल, तर आतला प्रोजेक्ट, फोटो, सर्टिफिकेटं कुणीच बाहेर काढू शकत नाही. कंपनीही नाही.

तेव्हा खोक्याचं सील आपल्या हाताने फोडा, खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा सीरियल नंबर जुळवा. सुरू करताना विद्यार्थ्याचा स्वतःचा ईमेल, स्वतःचा पासवर्ड आणि घरातलाच मोबाइल नंबर टाका. दुकानात घाई होत असेल तर तसाच घरी न्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे सगळं ओसरीत बसूनही होतं. झालं की अकाउंटमधली ती ४८ अंकी चावी कागदावर उतरवून दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या फायलीत ठेवा.

फुकटच्या ऑफिसबद्दल. ते परवान्याशिवाय चालू करण्यासाठी जे छोटं सॉफ्टवेअर वापरतात, ते आधी विंडोजचं संरक्षण बंद करायला सांगतं. ज्या लॅपटॉपवरून पुढे बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि आधारच्या प्रती जाणार, त्याचं दार असं उघडून ठेवायचं नसतं. गरजही नाही. वर्ड, एक्सेल ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मोफत वापरता येतात, आणि लिब्रेऑफिस पूर्ण मोफत आहे, त्याचे मेनू मराठीतही मिळतात. विंडोजसोबत आलेल्या लॅपटॉपचा परवाना मदरबोर्डमध्येच असतो, त्यामुळे ‘विंडोज नव्याने टाकून देतो’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. अँटिव्हायरस विंडोजच्याच डिफेंडरच्या रूपात आधीच आत आहे. कंपनीने महिनाभराच्या वापरासाठी घातलेला दुसरा काढून टाका, डिफेंडर आपोआप जागा घेतो.

अपडेट बंद करण्याचं कारण मला समजतं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर पहिलाच अपडेट सगळा डेटा खाऊन टाकतो. पण उपाय बंद करणं हा नाही, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याला त्यातूनच येतात. सेटिंगमध्ये तुमचा हॉटस्पॉट ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेला) करून ठेवा, मोठे अपडेट थांबतील. मग कॉलेजच्या नाहीतर मित्राच्या घरच्या वायफायवर, चार्जर लावून ते एकदा पूर्ण होऊ द्या. त्याच बैठकीत भाषेच्या सेटिंगमधून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड चालू करा. अहिराणीही त्यावर तशीच लिहिता येते, आणि त्यात टाइप केलेलं युनिकोडमध्ये असल्याने सरकारी संकेतस्थळांच्या फॉर्ममध्ये बिघडत नाही.

राहिला मुंबईचा मुद्दा. तिथल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात दोन-तीन हजार कमी लागूही शकतात. रेल्वेचं भाडं आणि एक दिवसाचा खाडा धरला तर उरतं थोडं. वॉरंटी कंपनीची असते आणि ती सीरियल नंबरवर चालते, त्यामुळे कुठूनही घेतलं तरी ती मिळायला हवी. खरा प्रश्न दुरुस्तीवाला तुमच्यापर्यंत येतो का, हा आहे. ‘ऑनसाइट’ म्हणजे माणूस घरी येतो, ‘कॅरी-इन’ म्हणजे तुम्ही लॅपटॉप घेऊन सेंटरला जायचं. धडगाव, अक्कलकुव्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आपल्या पिनकोडला ऑनसाइट सेवा आहे का, आणि नसेल तर जवळचं सेंटर धुळ्याला की नाशिकला, हे विचारावं. जवळचा दुकानदार पक्कं बिल देत असेल, त्यावर जीएसटी आणि सीरियल नंबर लिहून देत असेल, सील तुमच्यासमोर फोडत असेल, तर हजार-दोन हजार जास्त देऊन मी त्याच्याकडूनच घेईन. बिल कच्चं देत असेल तर मुंबई असो की चोपडा, तिथून उठून यावं.