सगळ्यांना पाठवून टाका ना!

विद्यापीठात नोकरीला आहे म्हटलं की लोकांना वाटतं हा शिकवत असणार. मी मेल पाठवतो. फीची मुदत, परीक्षेचं वेळापत्रक, रविवारी सर्व्हर बंद, असले सगळ्यांना जाणारे ऑफिशियल मेल ज्या आयडीवरून येतात ना, त्याच्यामागे एक जिवंत माणूस बसलेला असतो.

प्रत्येक डिपार्टमेंटचं मागणं एकच, "सगळ्यांना पाठवून टाका ना." हॉस्टेलला पाणी येणार नाही, हे रिटायर्ड प्राध्यापकांनाही कळलंच पाहिजे. मी म्हणतो, सर, फक्त हॉस्टेलच्या लिस्टला टाकू का? "नको, उगाच कोणीतरी म्हणेल आम्हाला कळवलं नाही." आणि हेच सर दुसऱ्या डिपार्टमेंटचा मेल आला की फोन करून झापणार, किती मेल पाठवता हो तुम्ही!

मजकूर मागितला की पोस्टर येतं. तारीख, वेळ, हॉल, इतकंच काय रजिस्ट्रेशनची लिंकसुद्धा चित्रातच, आता ती दाबायची कशी हे विचारलं तर "अहो दिसतेय की स्पष्ट". ज्याला दिसत नाही तो विद्यार्थी स्क्रीन रीडर लावतो, त्याला बिचाऱ्याला फाइलच्या नावाशिवाय काही ऐकू येत नाही. मग मी ते पोस्टर झूम करकरून वेलबुट्टीत दडलेली वेळ शोधतो, सगळं टाइप करतो, मंजुरीला पाठवतो, आणि तीन टेबलं फिरून ते परत येतं तेव्हा त्यात 'सूचित करण्यात येते की' दोनदा वाढलेलं असतं आणि मुदत काल संपलेली असते.

त्यात फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५००० च्या आसपास मेल गेले की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (म्हणजे मेल खरंच आमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या तपासण्या) सगळं हवं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत. म्हणजे हजारात तिघांनी बटण दाबलं की आम्ही संशयित. आणि पोरं दाबतात हो! फी भरायची आठवण केली की रिपोर्ट स्पॅम. मग निकालाचा मेलही तिकडेच जातो, आणि तीच पोरं फोन करतात, मेल आलाच नाही. स्पॅम बघितलंस का रे? "...आहे सर."

एका विभागाने तर मला न सांगताच बाहेरची मेल सर्व्हिस घेतली आणि विद्यापीठाच्या नावाने हजारो मेल सोडले. डीमार्कने ते दारातच अडवले, म्हणजे त्याचं कामच ते. पण ठपका कोणावर? "तुमचा सर्व्हर खराब आहे."

रिप्लाय ऑलचा बंदोबस्त मात्र झालाय. आधी एका सूचनेवर 'धन्यवाद सर', मग 'मला या लिस्टमधून काढा', मग 'कृपया सगळ्यांना रिप्लाय करू नका' हे सगळ्यांना. आता लिस्ट लॉक आहे, रिप्लाय फक्त मला येतात. फीच्या मेलवर 'ओके बॉस' हे उत्तर मला मनापासून आवडलं.

हल्ली साहेबांना ओपन रेट लागतो, म्हणजे किती जणांनी मेल उघडला त्याचा आकडा. मेलमधलं चित्र लोड झालं की तो उघडला असं आमच्याकडे धरतात. तर २०२१ पासून ॲपलने त्यांच्या मेल ॲपमध्ये अशी सोय दिलीय की मेलमधली चित्रं फोन स्वतःच आधी लोड करून ठेवतो, माणसाने ढुंकून बघितलं नाही तरी आमच्याकडे 'उघडला' म्हणून नोंद. त्यामुळे आमचा ओपन रेट एकदम झकास दिसतो. परवा मीटिंगमध्ये साहेबांनी त्यावरून खास अभिनंदन केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून नमस्कार केला आणि बसलो.