‘पूर्वीचं पुणं कसं सभ्य होतं’ : एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच लांबलचक मेसेज तीन वेगवेगळ्या काकांनी टाकला. सार असं: पूर्वी पुण्यात मतभेद सभ्यपणे मांडले जायचे, आता कॉलेजांत अभिव्यक्तीच्या नावाखाली धिंगाणा चालतो. प्राध्यापकांनी शिकवावं, मतं घरी ठेवावीत. भावना दुखावतील असं काही कॅम्पसवर नको. आणि गोंधळाची शंका आली की कार्यक्रम रद्द करणं, यातच शहाणपण. मी पुण्यातल्या एका कॉलेजात बावीस वर्षं शिकवतोय. ग्रुपवर उत्तर दिलं तर ‘इथे राजकारण नको’ म्हणून ॲडमिन दटावतील, म्हणून इथे लिहितो.

‘पूर्वी मतभेद सभ्यपणे मांडले जायचे.’

कधी हो? 1875 साली दयानंद सरस्वतींची पुण्यात मिरवणूक निघाली. रानडे आणि फुले दोघेही तिच्यात चालत होते. विरोधकांनी गाढव सजवून ‘गर्दभानंदा’ची वेगळी मिरवणूक काढली आणि वर चिखलफेक केली, अगदी शब्दशः. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलं ते याच शहरात. आगरकरांची प्रेतयात्रा तर ते हयात असताना निघाली. 1895 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरलं, तेव्हा सुधारकांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप देण्यावरून वाद इतका पेटला, की परिषद त्या मंडपात भरली तर मंडपच जाळून टाकू, इथवर धमक्या गेल्या. हे आपलं सभ्य पुणं.

त्या पुण्याकडून घेण्यासारखं आहे ते निराळंच. गर्दभानंदाच्याच साली रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आगरकरांचं केसरीत जमेना, त्यांनी 1887 मध्ये तो सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. भाषा दोन्हीकडची जहालच. पण एकाचं पटलं नाही तर दुसरा आपलं पत्र काढू शकत होता, आपली सभा भरवू शकत होता. शहर तापट होतं, तरी बोलायच्या जागा वाढत होत्या. आज माणसं त्या मानानं मवाळ आहेत आणि जागाच कमी होत चालल्यात.

‘प्राध्यापकांनी मतं घरी ठेवावीत.’

‘सुधारक’ काढला तेव्हा आगरकर फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. त्या पत्राची इंग्रजी बाजू सुरुवातीला सांभाळणारे गोखलेही तिथलेच. बालविवाह, केशवपन, सोवळंओवळं, काही म्हणून सोडलं नाही. गावाला हे रुचत नव्हतं, आणि त्या वर्गांत बसणारी मुलं याच गावच्या घरांतली होती. तरी ज्याची प्रेतयात्रा काढली तोच माणूस 1892 मध्ये कॉलेजचा प्राचार्य झाला आणि 1895 मध्ये वारला तोही प्राचार्य म्हणूनच. संस्थेत भांडणं नव्हती असं मुळीच नाही (टिळक 1890 मध्ये बाहेर पडले ते काही हसतखेळत नव्हे), पण लेखांपायी आगरकरांची खुर्ची गेली नाही. आज कुणा प्राचार्यानं तसला एक लेख लिहून बघावा. दुपारपर्यंत चौकशी समिती बसेल.

‘स्वातंत्र्याला मर्यादा असतात.’

असतात. घटनेच्या कलम 19(2) मध्ये त्या मोजून दिल्यात, एकूण आठ: देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. ‘कुणाला तरी वाईट वाटलं’ ही नववी मर्यादा फॉरवर्डवाल्यांनी परस्पर जोडली आहे. धार्मिक भावनांबाबतचा गुन्हासुद्धा जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानाचा आहे. मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीनं इन्स्टाग्रामवर एक पोस्ट शेअर केली, थोड्या वेळात काढून टाकली, माफीही मागितली. कॉलेजनं तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढलं, पोलिसांनी अटक केली. परीक्षेच्या दिवसांत पोरगी येरवड्यात. मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला आणि कॉलेजला फटकारलं, तिला जामीन दिला, कॉलेजच्या कारवाईला स्थगिती दिली, तेव्हा कुठे ती पेपरला बसू शकली. मला तिची पोस्ट पटली का, हा प्रश्नच गैरलागू आहे.

‘गोंधळ होणार असेल तर कार्यक्रम रद्द करावा.’

म्हणजे जो गोंधळ घालण्याची धमकी देईल, त्याच्या हाती वेळापत्रक द्यायचं. सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्ये रंगराजन खटल्यात सांगितलंय, की निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येत नाही आणि विरोधकांना आवरता येत नाही ही सबब सरकारला चालणार नाही. तरी फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीला करणाऱ्या नटांवरचं नाटक बंद पाडलं गेलं, आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना.

राहिला धिंगाणा. इथे मात्र काकांचं थोडं खरं आहे. मुलांना ऐकून घेता येत नाही. वक्ता आपल्या बाजूचा नसला की घोषणा सुरू, आणि हे डावे-उजवे दोन्ही करतात. पण मुलांची तोंडं बंद केल्यानं त्यांना ऐकण्याची सवय लागत नाही, त्याला सराव लागतो. आपल्या शास्त्रकारांची रीत होती: आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग खंडन. मी वर्गात तेच करतो. विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं, की त्यानं ‘हो, हेच म्हणायचं होतं’ म्हणावं. मागच्या सत्रात आरक्षणावर चर्चा होती. एका मुलाला समोरच्या मुलीकडून तो ‘हो’ मिळवायला तीनदा प्रयत्न करावे लागले, अर्धा तास त्यातच गेला. मग तो म्हणाला, “सर, समजलं, पण मला अजून पटलेलं नाही.”

“बरं,” म्हटलं, “आता बोल.”