वनराज भाटियांसाठी नागपुरात एक संध्याकाळ हवी

आपल्या नागपुरात सिनेसंगीताच्या कार्यक्रमांना तोटा नाही. वसंतराव देशपांडे सभागृह असो की सायंटिफिक, रफी-किशोर-आरडी म्हटलं की खुर्च्या भरतात. मीही आवडीने जातो. पण संगीतकाराचं मोठेपण आपण फक्त गाण्यांवरून मोजतो, आणि त्यामुळे वनराज भाटियांसारखा माणूस आपल्या आठवणीतच राहत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ७ मे २०२१ ला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. ९३ वर्षांचे होते.

लंडनची रॉयल अकॅडमी, मग पॅरिसमध्ये नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिक्षण, परत आल्यावर दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीताचं अध्यापन. जाहिरातींच्या जिंगल्स तर हजारोंनी. एवढं शिकलेला माणूस १९७४ च्या ‘अंकुर’मध्ये काय करतो, तर अगदी मोजकं संगीत देतो. पडद्यावरच्या शांततेला हात लावत नाही. विद्या दाखवायचा मोह आवरणं ही मला त्यांची पहिली मोठी कामगिरी वाटते.

पुढे दरवेळी आवाज वेगळा. ‘मंथन’मध्ये गुजरातच्या मातीतली लोकधून. ‘भूमिका’ हा अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावरून केलेला सिनेमा, त्यात गाणी ज्या काळातली, चालही त्याच काळातली वाटायला हवी होती, आणि ती वाटते. ‘३६ चौरंगी लेन’ला कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन घरात शोभणारे पाश्चात्त्य सूर, तर १९९६ च्या ‘सरदारी बेगम’मध्ये आरती अंकलीकरांच्या गळ्यातली ठुमरी. काही जाणकार म्हणतात, भाटियांना स्वतःची अशी शैली नव्हती. मला हे अजिबात पटत नाही. गोष्ट जिथली, सूर तिथलाच, हा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. शैली याहून वेगळी काय असते?

१९८८ साल तर मी त्यांचं शिखर मानतो. फाळणीवरच्या ‘तमस’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ ही भारताच्या इतिहासावरची मालिका सुरू झाली. तिचं शीर्षकगीत म्हणजे ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, वसंत देव यांचं हिंदी रूपांतर आणि भाटियांचं वृंदगान. आपल्याकडे समूहगान म्हणजे साधारणपणे सगळ्यांनी एकच चाल एका सुरात म्हणायची. इथे आवाजांचे थर एकमेकांवर चढत जातात. मंत्र मंत्रच राहतो, पण भोवती अंधारं, अफाट काहीतरी उभं राहतं. विश्व कुठून आलं हे खरंच कोणाला ठाऊक आहे, असं विचारणारं ते सूक्त आहे. एकट्या गायकाच्या सुरेल चालीत ही भीती आणि हे कुतूहल मावलं नसतं. युरोपात शिकलेलं स्वरमेळाचं शास्त्र आणि वेदातला प्रश्न एकमेकांसाठीच होते असं वाटायला लागतं. माझ्या मते भारतीय पडद्यासाठी, मोठ्या असो की छोट्या, याच्या तोडीचं शीर्षकसंगीत झालेलं नाही.

म्हणून आयोजकांना कळकळीची विनंती. येत्या ३१ मे ला, भाटियांच्या जन्मदिनी, एक कार्यक्रम त्यांचा करा. गावात गायक आहेत, व्हायोलिन-सेलोवाले मिळतील, आणि मंत्रपठणासाठी रामटेकच्या संस्कृत विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारता येईल. ते नासदीय सूक्त चाळीसेक गळ्यांतून समोरासमोर ऐकायचंय. तालमीच्या जागेपासून वर्गणीपर्यंत जे लागेल त्यात मी सोबत आहे. कोणाला रस असेल तर इथेच लिहा.