चिमणीतून निघालेला आकडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तराला आठवडा लागला. तुमचा एक मुद्दा कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा तपासावा लागला, म्हणून.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अणुऊर्जा केंद्र नेहमीसारखं चालू असताना चिमणीतून जे वायू बाहेर पडतात, त्यांच्यामुळे कुंपणाजवळ राहणाऱ्या माणसाला वर्षाकाठी मिळणारी किरणोत्साराची मात्रा फार तर काही मायक्रोसिव्हर्ट (मात्रा मोजायचं एकक) असते. त्यावर तुम्ही लिहिलंत: "हा आकडा कोणी मोजलेला नाही, मॉडेलमधून काढलेला आहे. वारा सरासरीचा, माणूस कागदावरचा आणि चिमणीवरचं मीटर कंपनीचंच. चोरानेच पंचनामा लिहावा तसं. इंधन बदलताना एका रात्रीत सोडतात ते सरासरीत बुडून जातं. आणि जर्मनीतल्या मुलांच्या ल्युकेमियाचं, रक्ताच्या कर्करोगाचं, काय?"

पंचनाम्याची उपमा मला आवडली. बाकीच्यातलं निम्मं मान्य, निम्मं नाही. पण तुम्ही बोट ठेवलंत त्याच्या शेजारीच खरी दुखरी जागा आहे, आणि तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. माझंही लेख लिहिताना गेलं नव्हतं.

आधी आकडा कसा तयार होतो ते एकदा हाताने करून पाहू. समजा, एका केंद्राने वर्षभरात झेनॉन-१३३ हा किरणोत्सारी वायू १० लाख कोटी बेकरेल इतका सोडला (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन). ऐकायला भयंकर वाटतं. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात, म्हणजे दर सेकंदाला ३ लाख १७ हजार बेकरेल. आता हवेने हे किती पातळ केलं ते पाहायचं. त्यासाठी विरलता गुणक असतो: चिमणीतून सेकंदाला एक बेकरेल सुटला, तर अमुक अंतरावर एका घनमीटर हवेत किती सापडेल. एक किलोमीटरवर वार्षिक सरासरीसाठी दहा लाखांत एक हा आकडा धरायला हरकत नाही. गुणाकार केला की घनमीटरमागे ०.३२ बेकरेल. अशा हवेत माणूस वर्षभर उघड्यावर उभा राहिला, तर झेनॉन-१३३ साठी दर बेकरेलमागे वर्षाला सुमारे ०.०४४ मायक्रोसिव्हर्ट मिळतात. उत्तर: ०.०१४ मायक्रोसिव्हर्ट. निसर्गाकडून, म्हणजे रेडॉन (जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू), जमीन, आकाश आणि आपलं स्वतःचं शरीर यांच्याकडून, जगात सरासरी वर्षाला २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात.

आता तुमचा रात्रीचा मुद्दा. मी पेन्सिल उचलली ती इथे.

हाच सगळा वायू वर्षभर थेंबथेंब न सोडता एका तासात सोडला, असं धरलं. वेळ रात्रीची, आकाश निरभ्र, वारा सेकंदाला एक मीटर, आणि वायू जमिनीलगतच सुटतोय. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांनी १९६१ मध्ये हवेच्या स्थैर्याचे जे वर्ग मांडले, त्यांतला हा सर्वांत स्थिर वर्ग. धुराचा लोट पसरत नाही, दोरीसारखा सरळ जातो. एक किलोमीटरवर त्याची रुंदी मोजायचं माप ३४ मीटरच्या आणि उंचीचं १४ मीटरच्या आसपास येतं. विरलता गुणक होतो दहा हजारांत सुमारे सात, म्हणजे वार्षिक सरासरीच्या जवळपास ६७० पट. आणि माणूस नेमका त्या दोरीच्या मध्यावर उभा. मात्रा येते ९ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास.

तेव्हा तुमचं म्हणणं खरं आहे: सरासरी शेकडो पटींचा फरक पोटात घालते. फक्त तुम्ही दिलेलं कारण चुकतंय. झेनॉनसारख्या वायूच्या बाबतीत तो भसकन सोडला की हळूहळू, याने आपोआप काही बिघडत नाही. बेरीज तीच राहते. बिघडतं ते सोडलं त्या तासाला वारा कुणाच्या घराकडे होता आणि हवा किती निपचित होती यावर. म्हणून केंद्राकडे मागायची गोष्ट म्हणजे तासातासाच्या उत्सर्जनाची नोंद आणि तिच्या शेजारी त्याच तासाचा वारा. वर्षाचा एकच आकडा छापणाऱ्या अहवालाबद्दल तुम्ही नाराज असाल तर मीही तुमच्याच बाजूला आहे.

आयोडिन-१३१ या किरणोत्सारी आयोडिनचं गणित वेगळं. तिथे मोसमही मोजावा लागतो. आयोडिन गवतावर बसतं, गाय ते खाते, दुधात येतं, आणि दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाच्या इवल्याशा थायरॉइडमध्ये जमतं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विझायला लागणारा वेळ, आठ दिवसांचं. गुरं चरायला बाहेर असतानाची एक वाईट रात्र आणि ती गोठ्यात असतानाची तशीच रात्र, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. १९५७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या विंडस्केलला अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातलं दूध ओतून द्यावं लागलं होतं. श्वासापेक्षा दूध घातक, हे तिथे प्रत्यक्ष दिसलं. त्यामुळे "माणूस कागदावरचा" हा आक्षेप मी जसाच्या तसा घेणार नाही. अमेरिकेच्या अणुनियामकांच्या १९७७ च्या मार्गदर्शिकेतही तान्हं मूल, मूल, किशोर आणि प्रौढ असे चार वयोगट वेगवेगळे मोजले जातात. तेवढ्याच बेकरेल आयोडिनने वर्षाच्या मुलाला प्रौढाच्या सुमारे आठपट मात्रा मिळते, हे त्या गणितात धरलेलं असतं. शिवाय हिशेबातला माणूस मुद्दाम दुर्दैवी निवडतात: सर्वांत जास्त वाऱ्याच्या वाटेवर राहणारा, तिथलंच दूध पिणारा, तिथलीच भाजी खाणारा.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. सपाट जमिनीवर वार्षिक सरासरीसाठी हे मॉडेल दुपटी-चौपटीच्या आत उत्तर देतं. डोंगरदऱ्या असतील तर दहापटही चुकू शकतं. किनाऱ्यावर वारा दिवसातून दोनदा पाठ फिरवतो आणि सकाळी समुद्रावर गेलेली हवा संध्याकाळी परत आणून सोडतो. सरळ रेषेत वाहणाऱ्या वाऱ्याच्या मॉडेलला हे कळत नाही, आणि ज्यांनी ते तिथे तसंच वापरलं त्यांना तुम्ही खुशाल झोडा.

चिमणीवरच्या मीटरबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगू द्या. उमेदवारीच्या काळात मी दर आठवड्याला नमुना-नळीवरची कोळशाची डबी बदलायला जायचो. चिमणीतल्या हवेचा एक बारीक प्रवाह पंपाने ओढतात. आधी कागदासारखी गाळणी, तिच्यावर धूळ अडकते. मागे कोळशाची डबी, तिच्यात आयोडिन अडकतं. झेनॉन आणि त्याच्यासारखाच क्रिप्टॉन हे वायू दोन्हींमधून निघून जातात, त्यांच्यासाठी वेगळा मापक. एका केंद्रात (नाव नको) एका आठवड्याचा आयोडिनचा आकडा फारच गोंडस आला, शून्याला चिकटलेला. सगळे खूश. माझ्या वरिष्ठांनी मात्र पंपाच्या नोंदवहीत बोट ठेवलं: प्रवाह नेहमीइतकाच, पण डबीच्या अलीकडे-पलीकडे दाबात पडायला हवा तो फरक निम्मासुद्धा नव्हता. डबीच्या कडेची रबरी कडी नीट बसली नव्हती. आठवडाभर हवा कोळशाला वळसा घालून गेली होती. ती डबी मी बसवली होती, हे सांगायला आज लाज वाटत नाही, तेव्हा फार वाटली होती. त्या आठवड्यासाठी मग आजूबाजूच्या आठवड्यांतला मोठा आकडा धरला गेला.

तेव्हा मीटर कंपनीचं आहे यापेक्षा त्या आठवड्याच्या नोंदवहीत दाबाचा रकाना आहे का, आणि बाहेरचं कोणी तो वाचतं का, हे विचारणं मला जास्त कामाचं वाटतं. आणखी एक विचारण्यासारखं: मापकाला काहीच सापडलं नाही, तर अहवालात काय लिहिता? काही देशांत शोधमर्यादेच्या (मापकाला पकडता येईल अशा सर्वांत लहान आकड्याच्या) निम्मा आकडा धरतात, काही ठिकाणी सरळ शून्य. वर्षभराच्या बेरजेत ही सवय एखाद्या रात्रीपेक्षा जास्त फरक पाडू शकते.

"मोजून दाखवा" म्हणालात. मोजतातच. कुंपणाभोवती मात्रामापक लावलेले असतात, दूध, गवत, माती, पाण्याचे नमुने घेतात. पण ०.०१४ मायक्रोसिव्हर्ट कोणत्याही कुंपणावर मोजता येत नाही. एक सर पडली की हवेतल्या रेडॉनची पिल्लं, म्हणजे त्याच्या विघटनातून बनलेले किरणोत्सारी अणू, जमिनीवर उतरतात आणि मापकाचा काटा त्याहून कितीतरी जास्त हलतो. बाहेरचं मोजमाप फक्त "यापेक्षा जास्त नाही" एवढंच सांगतं. पण अपघातात तेच मोजमाप कामी येतं. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडला चिमणीवरचा मापक पट्टीबाहेर गेला. मग आजूबाजूच्या मात्रामापकांवरून उलट गणित करून किती वायू सुटला असावा ते काढावं लागलं. आसपासच्या सुमारे २० लाख लोकांना सरासरी १० मायक्रोसिव्हर्ट, असा तो निष्कर्ष आहे.

जर्मनीचा अभ्यास मी विसरलो नव्हतो, टाळला होता. तेवढी कबुली देतो. १९८० ते २००३ या काळात १६ अणुकेंद्रांच्या परिसरात, पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांत ल्युकेमियाची जोखीम दुपटीहून थोडी जास्त आढळली, रुग्ण ३७. अभ्यास गंभीर आहे, तो झटकून टाकता येत नाही. पण त्यात मात्रा मोजलेली नव्हती, अंतर मोजलं होतं. मग २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दोन्ही करून पाहिलं. अंतर धरलं तेव्हा पाच किलोमीटरच्या आत तसाच वाढावा दिसला, १४ रुग्णांवरून. आणि वायूंच्या उत्सर्जनावरून काढलेल्या मात्रेनुसार परिसराचे पट्टे पाडले तेव्हा तो दिसला नाही. तुमचा तर्क असेल की मात्राच चुकीची काढली असेल तर पट्टेही चुकणारच. तर्क योग्य आहे. पण जर्मनीतला वाढावा या वायूंनी समजावायचा तर मात्रा हजारपट चुकायला हवी, आणि वरच्या गणितातल्या सर्वांत वाईट तासाची हवा सबंध वर्ष तशीच राहिली असं धरलं तरी ६७० पटच होते, तिथे पोहोचता येत नाही. मग वाढावा कशामुळे? यावर संशोधकांचं एकमत झालेलं नाही.

आता ती शेजारची जागा. कार्बन-१४, म्हणजे कार्बनचं किरणोत्सारी रूप. जुन्या केंद्रांत झेनॉन-क्रिप्टॉनचा वाटा मोठा असायचा. पुढे कोळशाचे मोठे थर आले, छोट्या डबीतून निसटणारा झेनॉन त्यांत बराच काळ अडकून राहतो; त्याचं अर्धायुष्य सव्वापाच दिवसांचं, त्यामुळे तो आतच विझत जातो. इंधनाच्या नळ्याही सुधारल्या. बाकी सगळं खाली गेलं आणि कार्बन-१४ तेवढा जागेवर राहिला, कारण तो भट्टी चालली की तयार होणारच. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५,७०० वर्षांचं. कार्बन डायऑक्साइड होऊन तो बाहेर पडला की पिकं तो पानांतून ओढून घेतात, आणि तो ताटात येतो. कित्येक केंद्रांत हवेतून मिळणाऱ्या मात्रेचा सर्वांत मोठा वाटा आज त्याचाच असतो. अमेरिकेत नियामकांनी मार्गदर्शिका सुधारून त्याचा हिशेब मागितला तो २००९ मध्ये, म्हणजे त्याआधीची कित्येक वर्षं तो वार्षिक अहवालांत नव्हताच. आणि आताही पुष्कळ ठिकाणी तो चिमणीवर मोजत नाहीत. भट्टीने किती ऊर्जा निर्माण केली त्यावरून काढतात. त्याचीही मात्रा थोडीच येते. पण "कोणी मोजलेला नाही" हे तुमचं वाक्य झेनॉनपेक्षा याला जास्त लागू पडतं.

मागच्या लेखात तिसऱ्या परिच्छेदात मी "मोजलेली मात्रा" असं लिहिलं होतं. आज सकाळी ते "अंदाजलेली मात्रा" असं दुरुस्त केलं आहे, आणि कार्बन-१४ चा परिच्छेद त्याच्याखाली जोडला आहे.