फियाट, फणस आणि पॉवर स्टेअरिंग

पॉवर स्टेअरिंग, म्हणजे स्टेअरिंग वळवायला पंपाची किंवा मोटरची मदत, नसलेली गाडी एकदा चालायला लागली की हलकी होते, असं जाणकार सांगतात. खरंच आहे ते. टायर फिरत असला तर वळवायला फार जोर लागत नाही. जागच्या जागी जमिनीवर रगडत वळवायचा असला की सगळा जोर दंडातून निघतो. अडचण एवढीच, की हे जाणकार रुंद रस्त्यांच्या गावचे असतात. आमच्या गुहागरात गाडी चालते कमी आणि मागेपुढे जास्त होते. समोरून एसटी आली की मागे घ्या. मागून आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो आला की पुढे, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, चिकटून. धोपाव्याला फेरीबोटीत चढवायची तर बोटीवरचा पोरगा हातवारे करत ओरडतो, "फुल मारा! आता उलटं फुल मारा!" त्याचं काय जातं? तो जन्मला तेव्हा घरोघरी पॉवर स्टेअरिंग आलेलं होतं.

माझी गाडी म्हणजे वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, गावात फियाट. इंजिन १०८९ सीसीचं, गियर स्टेअरिंगच्या दांड्यावर, पुढे अखंड सीट. आणि चाक एवढं मोठं, की ते धरून बसलं की आपण छोट्या बोटीचे तांडेल वाटतो. ते मोठं उगाच नाही. तरफेचा हिशेब आहे. चाक जितकं मोठं तितका जोर कमी. तरीही उभ्या गाडीत ते वळवणं म्हणजे पूर्वी आगरातल्या रहाटाला बैल जुंपायचे, तो बैल आपण होणं.

यंदा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? म्हटलं, बँकेतून रिटायर झालोय. "मग हे हमालाचं दुखणं तुम्हाला कसं झालं?" मी खिडकीतून बाहेर उभी असलेली फियाट दाखवली. तेवढ्यात त्यांना निदान सापडलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, पॉवर स्टेअरिंग बसवून घ्या, नाहीतर मोडीत काढा." दुसरा पर्याय ती गेली कित्येक वर्षं सुचवते आहे. पहिला नवीन होता.

काकांना विचारलं. काका हयातभर मुंबईत टॅक्सी चालवून गुहागरच्या वरच्या पाटात, म्हणजे वरच्या वस्तीत, परत आलेले. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्या दिवशी ते जेवले नव्हते. ते म्हणाले, "पॉवर म्हणजे काय रे? चाक तुझ्या हातात, पण रस्ता कसा आहे ते पंपाला कळणार, तुला नाही. टायर घसरायला लागला की आधी मनगटाला समजतं." मग त्यांनी मला स्वतःचा दंड दाखवला. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा दंड बघून काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

शेवटी चिपळूणच्या मिस्त्रीकडे गेलो. जुन्या फियाट खोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. गाडी परत द्यायची तारीख मात्र तो स्वतःही धरत नाही.

"दोन प्रकार आहेत साहेब," तो म्हणाला. पहिला तेलाचा. अमेरिकेत क्रायस्लरने १९५१ साली इंपीरियल गाडीत आणला तो. इंजिनाच्या पुलीवरून बेल्ट, बेल्टवर पंप, पंपातून दाबाने तेल. म्हणजे पंप फिरवायचा तो इंजिनानेच. कुंभार्ली घाटात माझी गाडी दुसऱ्या गियरवर देवाचं नाव घेत चढते. तिच्याकडून आणखी एक पंप फिरवून घ्यायचा म्हणजे घाट आपणच उतरून ढकलत चढायचा. शिवाय आमच्या खाऱ्या हवेत दारं गंजून जातात, तिथे तेलाच्या नळ्यांचे जोड काय टिकणार?

दुसरा विजेचा. सुझुकीने १९८८ साली जपानात सर्व्हो नावाच्या चिमुकल्या गाडीत आणलेला. कुठल्यातरी भंगारातल्या लहान गाडीचा मोटरवाला दांडा काढायचा आणि आपल्याला बसवायचा. हे मला पटलं. मिस्त्री मात्र डोकं खाजवत होता.

"दांडा बदलला तर गियर कुठे लावायचा?"

"कुठे लावायचा?"

"खाली घेऊ. फ्लोअर गियर."

खाली गियर आला की अखंड सीट कापायचं. सीट कापलं की आईची जागा गेली, कारण ती माझ्या आणि बायकोच्या मध्येच बसते, आणि ही व्यवस्था मोडायची हिंमत आमच्या घरात कोणाची नाही. पुढे आहेच. ती मोटर उभ्या गाडीत चाक वळवताना तीस-चाळीस अँपिअर सहज ओढते. गाडीची वीज बनवणाऱ्या जुन्या डायनामोला ते झेपत नाही, म्हणजे त्याच्या जागी जास्त ताकदीचा अल्टरनेटर आला. नाहीतर रात्री वळण घेतलं की दिवे मिणमिणणार. शिवाय नोंदणी पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. हलकं स्टेअरिंग मागायला गेलो आणि जुन्या गाडीतलं जुनं काय उरत होतं, तर नंबर प्लेट आणि माझा खांदा.

"त्यापेक्षा हे रुंद टायर काढा," मिस्त्री म्हणाला. मुलाने मागे हौसेने बसवलेले, दिसायला झकास. टायर जितका रुंद तितकं चाक जड. कंपनीच्या मापाचे टायर घातले, हवा बरोबर भरली, पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना कित्येक वर्षांनी ग्रीस मिळालं, स्टेअरिंगच्या बॉक्समध्ये तेल गेलं. गाडी निम्म्याने हलकी झाली. खर्च इतका कमी, की मिस्त्रीच ओशाळला.

उरलेला निम्मा जोर लागायचा तो एकाच जागी, आमच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत वळताना. डावीकडे गडगा, उजवीकडे अण्णाचा फणस. अण्णा माझा चुलतभाऊ. गडगा दोन हात मागे घेतला की प्रश्न मिटला. जांभ्याचे चिरे, दोन गड्यांचं एका दिवसाचं काम. पण त्या गडग्यावरून आमच्या दोन घरांत आजोबांच्या काळापासून दावा चालू आहे. बायको म्हणाली, "पॉवर स्टेअरिंगच बरं. मिस्त्रीच्या तारखा निदान आपल्या हयातीतल्या असतात."

तरी अण्णाकडे गेलो. त्याने सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं. "गडग्याला हात लावायचा नाही, मॅटर कोर्टात आहे," तो म्हणाला. "फणसालाही नाही. पण माझं खळं रस्त्याला सरळ आहे. तिथे लाव की गाडी. वळवायचीच कशाला?"

तेव्हापासून फियाट अण्णाच्या खळ्यात असते. सरळ आत, सरळ मागे बाहेर, खांद्याला आराम. भाडं तो घेत नाही. फक्त चिपळूणला तारीख असली की सकाळीच छत्री आणि कागदांची पिशवी घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसतो. वादी-प्रतिवादी एकाच गाडीतून जातो. पेट्रोल मी घालतो, मार्गताम्हाण्याला चहा अण्णा पाजतो. वकील वेगवेगळे आहेत.