ऑटोमॅटिक लॉगिन चालू केलं, तरी पासवर्ड विचारतोच!

डोकं फिरलंय माझं. दोन दिवस झाले, घरच्या डेस्कटॉपचा पासवर्ड काढायला बसलेय आणि ते मेलं मशीन काही ऐकत नाही.

बाबांसाठी हवंय हे. हात थरथरतो त्यांचा. एका बोटाने एकेक अक्षर शोधत दाबतात, आणि समोर नुसते काळे ठिपके. कुठे चुकलं ते दिसतही नाही. म्हणून लिनक्सच्या सेटिंगमध्ये युजर्सच्या पानावर ‘ऑटोमॅटिक लॉगिन’चं बटण चालू केलं. रीस्टार्ट केल्यावर थेट डेस्कटॉप आला, बाबा खूश. ब्राउझर उघडला आणि मध्येच चौकट आली: लॉगिन कीरिंग उघडलेलं नाही, पासवर्ड द्या!

अरे, मग ते बटण दिलंय कशाला?

रात्री एक वाजेपर्यंत शोधल्यावर कारण कळलं. जपून ठेवलेले पासवर्ड ज्या कीरिंगमध्ये असतात, त्याला कुलूप लॉगिनच्याच पासवर्डचं. एरवी आपण लॉगिनला पासवर्ड टाकतो, त्यानेच तेही उघडतं. ऑटोमॅटिक लॉगिनमध्ये पासवर्ड कुणी टाकतच नाही, मग कीरिंग बंदच राहणार. बरं, कारण पटलं. पण ही एक ओळ त्या बटणाखाली लिहायला काय जातं? आणि यावर उपाय काय सांगतात, तर कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवा. तसं केलं की आतलं सगळं एन्क्रिप्शनशिवाय डिस्कवर पडून राहतं. म्हणजे एक तर सगळे पासवर्ड उघड्यावर टाका, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला रोज त्या ठिपक्यांशी झुंजायला लावा. हा काय पर्याय झाला?

पुढे ऐका. बाबा पाणी प्यायला उठले, ५ मिनिटांत स्क्रीन काळी, परत येऊन बसले तर पुन्हा पासवर्ड! का, तर स्क्रीन लॉकचं सेटिंग वेगळं, ते प्रायव्हसीच्या पानावर. लॉगिनच्या बटणाचा त्याच्याशी काही संबंध नाही म्हणे. सॉफ्टवेअर टाकताना पासवर्ड मागितला तर माझी अजिबात तक्रार नाही, तिथे मागायलाच हवा. पण घरातल्या माणसाला आपल्याच खुर्चीत परत बसायला पासवर्ड?

आज सकाळी बाबांनी कॉम्प्युटर लावलाच नाही. ‘राहू दे गं, तू घरी असलीस की बघू,’ म्हणाले.