पेगी बार्टेल्सला लॉटरी लागली नव्हती

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. वॉशिंग्टनच्या घाना दूतावासात सेक्रेटरी असलेल्या पेगीलीन बार्टेल्सला 2008 मध्ये पहाटे फोन आला, नशीब फळफळलं, बाई आफ्रिकेतल्या गावाची राणी झाली, सगळी जमीन तिच्या नावावर आणि ती मात्र अमेरिकेत बसून मजा करते, नोकरदार माणूस असा गादीवर बसणं म्हणे जगात पहिल्यांदाच. फोन खरा आहे, नोकरी खरी आहे, ओतुआम हे घानाच्या किनाऱ्यावरचं साधारण सात हजार वस्तीचं मच्छीमारांचं गावही खरंय. पण उरलेलं वाचून खरंच वाईट वाटतं, एवढी जुनी चालत आलेली पद्धत पार लॉटरीच्या तिकिटासारखी करून टाकलीय.

आधी ते राणीचं बघू. ती राणी नाहीये, राजाच आहे, गादीवरचं नाव नाना आमुआ-आफेन्यी सहावे. अकान लोकांमध्ये, म्हणजे पेगीच्या समाजात, राजमाता हे पद वेगळंच असतं, ती घराण्यातली मानाची बाई, राजाची सख्खी आई असलीच पाहिजे असं काही नाही, आणि नव्या राजाचं नाव पुढे करायचा मान तिचा. राजाच्या गादीवर बाई बसणं कमी होतं, पण होतं.

आता नशिबाचं. अकान लोकांत वंश आईकडून मोजतात, म्हणजे राजाच्या स्वतःच्या मुलांचा गादीवर हक्क नाही, भाऊ, भाचे, भाच्या यांचा असतो, केरळात नायर घराण्यांमध्ये पूर्वी होतं तसंच. पेगी त्याच घराण्यातली म्हणून तिचं नाव यादीत होतं. मग गावातल्या जाणत्यांनी एकेक नाव घेत जमिनीवर दारू ओतून पूर्वजांना कौल लावला आणि तिच्या नावाला वाफ वर आली असं ते सांगतात. तुमचा विश्वास असो नसो, पण यादी, कौल, जाणत्यांची संमती, मग गादीवर बसवणं, एवढं सगळं झाल्यावर माणूस राजा होतो आणि नीट वागला नाही तर त्याला उतरवताही येतं.

जमिनीचं तर साफ चूक. घानाच्या 1992 च्या राज्यघटनेत कलम 267 आहे, गादीची जमीन ही प्रजेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायची. तिच्या उत्पन्नातले आधी 10 टक्के सरकारी कार्यालय कापून घेतं, उरलेल्यातले 55 टक्के जिल्हा पंचायतीला, 20 टक्के पारंपरिक परिषदेला आणि गादीला फक्त 25, तेही गादीचा मान राखण्यासाठी. शिवाय कलम 276 मुळे राजाला पक्षाच्या राजकारणात उतरता येत नाही.

आणि मजा? तिला मिळालेला वाडा मोडकळीला आलेला, आधीच्या राजाच्या अंत्यविधीला पैसे नाहीत म्हणून मृतदेह बराच काळ शवागारात ठेवलेला, आणि मासेमारीचा कर गावातलीच माणसं खिशात घालत होती. तिने ते पकडलं, त्या माणसांचा विरोध अंगावर घेतला, सुट्टी काढून गावी जायची, बाकी वर्षभर वॉशिंग्टनहून फोनवर कारभार आणि दिवसा दूतावासाची नोकरी. मेरीलँडमधल्या एका चर्चची मदत मिळवून गावात पाण्याची सोयही केली. बायका-मुलांचं लांबून पाणी वाहणं कमी झालं ते त्यामुळे.

"असं जगात पहिल्यांदाच" हेही खोटं. घानातल्याच असान्ते या अकान लोकांचे राजे ओपोकू वेअर दुसरे 1970 मध्ये गादीवर आले ते लंडनमध्ये शिकलेले वकील होते आणि त्याच सुमाराला इटलीत राजदूत म्हणून त्यांची नेमणूक झालेली होती.